शेंदराखालचं हब

शेजारधर्म हा सर्व धर्मांत श्रेष्ठ होय. त्याला देऊळ लागत नाही, पुरोहित लागत नाही, जात तर नाहीच नाही. माणूस माणसाच्या हाकेला धावला की तो पाळला गेला. आमच्याकडे मात्र तो आषाढापासून दसऱ्यापर्यंत बंद असतो, कारण मध्ये नाला आहे.

साखरखेर्ड्याहून डांबरी सडकेने थोडं पुढे आलं की महादेवरावांचं घर लागतं. वांगी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, अशी भाजीपाल्याची शेती, सिमेंटचं नवं घर, अंगणात कडुलिंब आणि लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची. घराला लागून पांधण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट, उतरते, नाल्यात बुडी मारते आणि पलीकडे वर निघून पुंजाजी गुरुजींच्या वावरात जाते. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. गावातलं बौद्धवाड्यातलं दोन खोल्यांचं घर त्यांनी भावाच्या वाढत्या कुटुंबाला देऊन टाकलं आणि वावरात घर बांधून राहिले. सोबत पत्नी सिंधूताई आणि दोन म्हशी.

पांधणीवर पक्का रस्ता होणार, असं त्यांना तेव्हा सांगण्यात आलं होतं. ते खोटं नव्हतं. रस्त्याचं भूमिपूजन झालं. मग सरकार बदललं तेव्हा पुन्हा झालं, कारण आधीच्या नारळाचं पाणी विरोधी पक्षाच्या मातीत मुरलेलं होतं. कामाचा फलकही लागला. तो पुरात वाहून चालला असताना सिंधूताईंनी अडवला आणि गोठ्याच्या गळक्या कोपऱ्यावर टाकला. त्या रस्त्याचा जनतेला झालेला प्रत्यक्ष लाभ आजवर एवढाच.

काळी माती सुपीक असते, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं आहे. गुरुजींनी ते जन्मभर शिकवलं. ती पायातली चप्पल परत देत नाही, हे पुस्तकात नव्हतं.

यंदा होळीच्या सुमारास गुरुजींच्या दोन्ही किडन्यांनीही निवृत्ती घेतली. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार बुलढाण्याला डायलिसिस. डॉक्टरांनी साध्या भाषेत सांगितलं होतं, की एक पाळी चुकली तर पायावर सूज येईल, दुसरी चुकली तर पाणी छातीत जाईल, आणि तिसरीची चौकशी करण्याची गरज पडणार नाही. पाणीही मोजून प्यायचं. पाऊस लागला की घराच्या तीन बाजूंना नाला फुगलेला असायचा आणि गुरुजी मधल्या घरात तांब्याकडे बघत बसलेले असायचे.

उन्हाळाभर अडचण आली नाही. महादेवरावांची गाडी पांधणीतून जायची, गुरुजींना सडकेपर्यंत आणून सोडायची, पुढे काळी-पिवळी जीप. महादेवरावांची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आणलेला छोटा ट्रक. पंचक्रोशीत तिला ‘मिल्ट्री’ म्हणतात. तिची चारही चाकं ओढतात, हे महादेवराव भेटेल त्याला सांगत. एका अतिवृष्टीत चिखलात फसलेली यष्टी तिने कशी उपसून काढली, हेही सांगत. दर वर्षी यष्टीत आणखी थोडे प्रवासी चढत.

मग पाऊस लागला, आणि मिल्ट्री पहिल्याच सोमवारी नाल्याच्या चढावर रुतली.

त्या दिवशी सहदेवने ट्रॅक्टरवर निभावून नेलं. सहदेव म्हणजे पलीकडच्या धुऱ्याचा, बांधालगतचा शेतकरी. जाताना ठीक झालं, पण पोचायला उशीर झाला आणि मशीन अर्धाच वेळ मिळालं. येताना गुरुजींचा रक्तदाब उतरला आणि मडगार्डवरून ते सोयाबीनच्या पोत्यासारखे घसरू लागले. सिंधूताईंनी कॉलर धरली म्हणून वाचले. सहदेवने हात जोडले.

"गुरुजी, तुमच्यासाठी जीव हजर हाय. पन माह्या ट्रॅक्टरवरून तुमी गेले तं लोक मलेच धरतीन. पोराले बायको भेटनार नाही माह्या."

मग त्याच संध्याकाळी लिंबाखाली बैठक बसली. गुरुजी खुर्चीवर, बाकीचे ओसरीच्या पायरीवर. गुरुजींसाठी खुर्ची नेहमी बाहेरच मांडलेली असे. आजारी माणसाला मोकळी हवा चांगली, असं महादेवरावांचं मत होतं. गुरुजी आजारी नव्हते तेव्हाही ते मत तसंच होतं.

बैठकीत सगळे मार्ग तपासले गेले. बैलबंडीचा विचार झाला. बैल पोटापर्यंत रुततात. लाकडी फळ्या टाकून पाहू म्हणाले. फळ्या फलकाच्या वाटेने गेल्या असत्या. पुण्याला पोराकडे, प्रसेनजितकडे जा, असं कोणीतरी म्हणालं.

"गेल्तो ना," गुरुजी म्हणाले. "सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली की तिथंबी नालाच हाय. फक्त उभा."

"आन् म्हशी?" सिंधूताई म्हणाल्या.

शेवटी सहदेवने बाजेची गोष्ट काढली. चौघांनी बाज खांद्यावर घ्यायची, वर गुरुजी, की झालं.

"हे पाह्य सहदेव," गुरुजी म्हणाले, "चौघांच्या खांद्यावर मी जानार हाय. त्याले नाही म्हनत नाही. पन येक डाव. परत यायचं काम नाही त्याच्यात."

मग सिंधूताईच म्हणाल्या, "माहं काही नाही. मी तं दिवसातून दोनदा नाला तुडवतेच. गुडघ्यावर लुगडं खोचलं की झालं. म्हशी मी पाहून घेईन. सवाल याहीचाच हाय. हे जर पावसाळ्यापुरते या आंगाले असते, सडकेच्या, तं..."

वाक्य तिथेच थांबलं. अन्नपूर्णाबाई, म्हणजे महादेवरावांच्या पत्नी, तांदूळ निवडत होत्या. त्यांना एक खडा सापडला. महादेवरावांनी मांडीवर मूठ आपटली.

"बराबर हाय! रस्ता झालाच पायजे! मी उद्याच्या उद्या निवेदन देतो."

निवेदन देण्याचं एकमताने ठरलं.

महादेवरावांचा मुलगा जीवन इतका वेळ मोबाइलमध्ये होता. कृषी पदविका घेतलेला, तिशीचा माणूस. गुरुजींच्या हाताखाली शिकलेला असल्यामुळे प्रश्न विचारण्याची वाईट सवय त्याला लागलेली होती.

"आबा, आपली मिल्ट्री फोर-बाय-फोर हाय ना?"

"म्हनजे काय? चारही चाकं वढते."

"मंग सकाळी पुढचे चाक काऊन नाही वढले?"

"चिखल लय होता."

"चिखल हाय म्हनूनच तं फोर-बाय-फोर असते." जीवनने मोबाइल फिरवून सगळ्यांना दाखवला. पडद्यावर एक गोरा माणूस अत्यंत स्वच्छ हातांनी असाच एक जुना ट्रक उघडत होता. "हे पाहा. जुन्या गाडीत पुढच्या दोन्ही चाकाच्या मधात हब असते, डबीसारखं. त्याच्यावर खटका. फ्रीवर असला तं चाक नुसतं फिरते. खाली उतरून, हातानं लॉकवर करा लागते. तवा इंजिनचा जोर पुढच्या चाकाले भेटते. तुमी कधी फिरवला का खटका?"

महादेवराव उठले. "मी जरा टमाट्याकडं जाऊन येतो," ते म्हणाले.

बाकीचे सगळे ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या मिल्ट्रीकडे गेले. पुढच्या चाकांच्या मधोमध खटका नव्हता. तिथे शेंदराचा एकेक गोळा होता.

याचं कारण दसरा. दसऱ्याला गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात; सगळेच करतात. अन्नपूर्णाबाई एक पाऊल पुढे जात. तेलात खललेला शेंदूर त्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या उंचवट्यांना लावत. ती चाकाची बेंबी आहे, असं त्यांचं म्हणणं. बेंबीला तेल लागलं की पोट दुखत नाही. दर दसऱ्याला एक थर, त्यावर पांधणीची धूळ, त्यावर पुढचा दसरा. जीवनच्या बारशाच्या वर्षी आलेल्या गाडीचा तो शेंदूर आता मारुतीला लाजवील इतका जाड झालेला होता. मागच्या चाकांना लावत नसत. मागची चाकं ओढायची. पुढच्यांची पूजा व्हायची.

"माय, हे काढा लागते," जीवन म्हणाला.

"काय?"

"शेंदूर. त्याच्याखाली खटका हाय."

"असन. देवाच्या शेंदराखाली दगड असतेच. म्हनून काय कोनी देव खरवडते?"

"माय, हे देव नाही. हब हाय."

"इतके वर्सं गाडी कोनाच्या आंगावर गेली नाही. कशानं? तुह्या हबानं?"

जीवनने गुरुजींच्या पायाकडे बोट दाखवलं. चपलेचा पट्टा सुजेत रुतला होता. अन्नपूर्णाबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाई कठोर नव्हत्या. गुरुजींसाठी बिनमिठाची भाजी डब्यात घालून त्याच पाठवत, आणि डबा परत आला की दोनदा धूत. मग त्यांना सुचलं.

"गुरुजी, तुमी तं देव मानत नाही ना?"

"नाही."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

"मंग तुमीच खरवडा. तुमाले पाप लागाचं नाही. आमचा हात नको."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, परत लावला.

"म्हनजे," ते म्हणाले, "खरवडाचं काम फिरून-घिरून आमच्याचकडं आलं."

"तसं नाही हो गुरुजी! मी आपलं पापाचं म्हनत होते."

"मीबी पापाचंच म्हनून राह्यलो. आना काहीतरी धारेचं."

मंगळवारी चांगली उघाड पडली. पांधणीची वरची साय वाळली. मिल्ट्री गुरुजींना घेऊन आली आणि लिंबाखाली काम सुरू झालं. जीवनने चाकाखाली दगड लावले, हबाच्या कडेचे बोल्ट ठोकून-ठोकून सैल केले आणि दोन्ही हब काढून गुरुजींच्या पुढ्यात पोत्यावर ठेवली. गुरुजींच्या डाव्या हातात डायलिसिससाठी शिरांचा जोड केलेला होता, त्या हाताने जोर लावायचा नाही. त्यांनी हब गुडघ्यांत धरलं आणि उजव्या हाताने, जुन्या विळ्याच्या टोकाने शेंदूर सोडवायला लागले.

वरचे थर ढलप्यांनी निघाले. मग धुळीचा एक, मग शेंदूर, मग परत धूळ. गुरुजी प्रत्येक थर ओळखत होते.

"हे पाह्य, ही धूळ जाड हाय. हे दुष्काळाचं वर्स. आन् हे हिरवं काय हाय?"

"झेंडूचं पान," जीवन म्हणाला.

"पृथ्वीचा इतिहास असाच असते. मी शिकवला होता तुले. तू मांगच्या बाकावर चिंचा खात होता."

शेंदराचा भुगा वर्तमानपत्रावर जमा होत होता. तो वाहत्या पाण्यात सोडायला हवा, असं अन्नपूर्णाबाईंनी ओसरीवरून कळवलं. सिंधूताई नाल्यातून जाणारच होत्या, म्हणून तेही काम त्यांच्याकडे आलं.

"आन् म्हशीनं खाल्ला तं?" सिंधूताईंनी विचारलं.

"तं दूध शेंदरी देईन," गुरुजी म्हणाले. "दसऱ्याले तिलेच लावा मंग."

खटका दिसला. पितळेसारखा, मधे बोट धरायला उंच धार, एका बाजूला इंग्रजीत फ्री, दुसऱ्या बाजूला लॉक. पण तो हलेना. जीवनने पक्कड लावली. हलेना. हातोडी उचलली तर गुरुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की चिंचांच्या दिवसांनंतर प्रथमच त्याने हातातली वस्तू खाली ठेवली.

"जोर करू नको. आत काय हाय हे पायल्याशिवाय जोर करनारा मानूस एक तं अडानी असते नाही तं पुढारी."

हब उघडलं. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या काकवीचं चॉकलेट व्हावं तसं झालेलं. शेंदराचं तेल झिरपून आत गेलं होतं आणि त्यानेच दातेरी कडी एका जागी चिकटवून टाकली होती. बेंबीत घातलेलं तेल पोटात पोचलं होतं, आणि पोट कायमचं बंद पडलं होतं. दोन्ही हब रात्रभर डिझेलमध्ये घमेल्यात बुडवून ठेवायचं ठरलं.

संध्याकाळी मिल्ट्री गुरुजींना सोडायला निघाली. जाताना जीवन म्हणाला, "आबा, गाडीच्या खालूनबी पाहून घेतो. चिखलाचे पोपडे चढले हायेत नुसते."

महादेवराव टमाट्यांकडून नुकतेच आले होते. "खाली काही नाही बे पाह्यासारखं," ते म्हणाले, आणि पुन्हा टमाट्यांकडे गेले. त्या दोन दिवसांत टमाट्यांना मिळालं तेवढं लक्ष त्यांना पूर्वी कधीच मिळालं नव्हतं.

बुधवारी डिझेलने काम केलं होतं. गुरुजींनी ब्रशने दाते घासले, स्प्रिंग मोकळी केली, कडीला बारीक पॉलिश पेपर मारला. जीवन हातात ग्रीसचा मोठा गोळा घेऊन आला. मोबाइलमधला गोरा माणूस म्हणत होता, की ग्रीस पातळ हाताने लावा, जास्त झालं तर पुन्हा चिकटेल.

"आईकलं का अन्नपूर्णाबाई?" गुरुजी ओसरीकडे बघून म्हणाले. "परमान. भक्तीतबी परमान लागते."

"तुमाले काय कयते भक्तीतलं!" त्या आतून म्हणाल्या, पण हसल्या. थोड्या वेळाने गुरुजींचा अर्धा कप चहा खुर्चीशेजारच्या दगडावर आला.

पुठ्ठा कापून नवं पॅकिंग केलं, बोल्ट बसवले. गुरुजींनी खटक्याला दोन बोटं लावली. रेडिओचं बटण फिरावं तसा तो फ्रीवरून लॉकवर गेला. टक् असा आवाज आला. त्यांनी परत फिरवला, परत टक्. असं ते बराच वेळ करत बसले. सिंधूताई त्यांच्याकडे बघत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत आपल्या मनाप्रमाणे चालणारी अशी एकही वस्तू त्या माणसाच्या हातात आलेली नव्हती.

जीवनने जॅकवर पुढचं चाक उचललं, खटका लॉकवर केला आणि चाक हाताने फिरवलं. चाकासोबत आतला दांडाही फिरला. व्हिडिओत तसाच फिरत होता.

"झालं!" सहदेव म्हणाला. "उद्या गुरुजी मिल्ट्रीत बसून राजावानी!"

महादेवरावांनी खाकरून घसा साफ केला. ते काहीतरी बोलणार होते. पण तेवढ्यात सहदेवने टाळ्या वाजवल्या, सिंधूताईंनी त्यांना हात जोडले, अन्नपूर्णाबाईंनी साखर वाटली, आणि महादेवरावांना यष्टीची गोष्ट सांगण्याचा आग्रह झाला. त्यांनी ती सांगितली.

त्या संध्याकाळी आभाळ भरून आलं आणि पहाटेपर्यंत पडत राहिलं.

गुरुवारी सकाळी जीवनने मिल्ट्री काढली. उताराच्या तोंडाशी उतरून दोन्ही खटके लॉकवर केले. गाडीतला फोर-व्हीलचा दांडा पुढे टाकला. गाडी उतारावरून घसरत, नाल्याचं पाणी दोन्ही बाजूंना उडवत, त्याच वेगात पलीकडे चढली. सहदेव आरडून कौतुक करत होता. गुरुजी तयार बसले होते. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते आणि बोलताना दोन शब्दांमागे एक श्वास लागत होता. त्यांना पुढे बसवलं. सिंधूताई मागे.

येताना नाला ओलांडला. आता फक्त अलीकडचा चढ उरला होता. वर महादेवराव छत्री घेऊन उभे होते.

चढावर मिल्ट्री थांबली. मागची चाकं गरगरली, चिखल उडाला, आणि गाडी मागच्या बाजूने खाली बसू लागली. जीवनने पुढच्या चाकाकडे पाहिलं. चाक स्वस्थ उभं होतं. लग्नघरात आलेला पाहुणा उभा असतो तसं. कामं चालली आहेत, चांगलं आहे, पण आपल्याला कोणी सांगितलेलं नाही.

त्याने खटका तपासला. लॉकवर होता. दुसरा तपासला. तोही. मग तो चिखलात पाठीवर पडला आणि गाडीखाली शिरला. नाल्याच्या पाण्याने खालचे पोपडे धुऊन निघाले होते. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक जाड शाफ्ट जात होता. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या जागी रिकामी जागा होती. त्या जागेतून समोरचा बांध स्पष्ट दिसत होता.

"आबा!" तो खालूनच ओरडला. "पुढचा शाफ्ट कुठं हाय?"

छत्रीवर पाऊस वाजत होता.

"हाय," महादेवराव म्हणाले. "घरी हाय."

"घरी?"

"ॲव्हरेज भेटत नव्हतं रे. मिस्त्री बोल्ला, काढून ठेवा, डिझेल वाचते. काढून ठेवला. मी म्हनलंच होतं ना तुले, खाली काही नाही?"

"आन् यष्टी? यष्टी कशानं वढली मंग?"

"यष्टी दुसऱ्या ट्रकानं वढली." महादेवरावांचा आवाज पावसात जेमतेम ऐकू आला. "मी दोर बांधून देल्ता."

गाडीत गुरुजी हसत होते की खोकत होते, ते सिंधूताईंना कळेना. त्या उतरल्या. कोणाला काही न विचारता परत नाला तुडवून घरी गेल्या आणि डोक्यावर बाज घेऊन आल्या.

"नाही म्हनू नका," त्या म्हणाल्या.

गुरुजींनी बाजेकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं. "चौघं कुठं हायेत?"

जीवन आणि सहदेव पुढे झाले. मागचा एक खूर सिंधूताईंनी धरला. चौथ्याजवळ कोणी नव्हतं. महादेवरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ओसरीवरून अन्नपूर्णाबाई उतरून आल्या. पदर खोचला, चिखलात पाय घातला आणि चौथा खूर खांद्यावर घेतला. महादेवराव पुढे होऊन गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून त्यांच्याकडे तोंड करून चालू लागले, म्हणजे चढ त्यांना उलटा चढावा लागला.

"एक सांगतो," बाजेवरून गुरुजी म्हणाले. "वाटेत कोनी काही म्हनू नका. ना राम, ना बुद्ध. गुमान चाला."

सगळे गुमान चालले. चारही जण ओढत होते.

बाज मिल्ट्रीच्या टिनाच्या शेडमध्ये टेकवली. मिल्ट्री नाल्यात असल्यामुळे तिची जागा रिकामी होती. काळी-पिवळीला फोन झाला. ती मेहकरच्या फाट्यावर होती, येते म्हणाली. गुरुजी भिजले होते. अंगाला कापरं सुटलं होतं. सिंधूताई पदराने त्यांचे पाय पुसत होत्या. बोट दाबलं की सुजेत खळगा पडत होता आणि भरून यायला वेळ घेत होता.

महादेवरावांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. "शाफ्ट नाही असं नाही," ते म्हणाले. "दाखवतोच. डोळ्यानं पाहा." त्यांनी कंबरेच्या जुडग्यातली किल्ली काढली आणि शेडसमोरची, सडकेकडची खोली उघडली.

ही खोली बाजेवरून सरळ दिसत होती. मलकापूरला दिलेली लेक रुपाली दिवाळीला येते, तिच्यासाठी बांधलेली. पांढरी फरशी, पंखा, जाळीची खिडकी, आतच संडास-न्हाणी. भिंतीला लागून पलंग, पलंगावर गादी, आणि गादीवर, उशीला डोकं टेकून, गोधडीत गुंडाळलेला शाफ्ट झोपलेला होता.

"पाहा!" महादेवराव म्हणाले. "ओल लागू नये म्हनून इथं ठेवला. दर मयन्याले तेल लावतो मी त्याले."

गुरुजींनी मान वळवून पाहिलं.

"चांगली राह्यली हो तब्येत त्याची," ते म्हणाले.

जीवनच्या कपड्यांवरून चिखल ठिबकत होता. "आबा, संध्याकाळी गुरुजी परत येतीन तवा..."

"परत येस्तोर शाफ्ट बसवून टाकू," महादेवराव घाईने म्हणाले. "गाडी थेट दारात सोडन त्याहीले. माही जबान हाय."

"मी शाफ्टाचं नाही म्हनून राह्यलो. खोलीचं म्हनून राह्यलो."

महादेवरावांनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या खांद्यावर बाजेच्या खुराचा चिखल तसाच होता. त्या तुळशीकडे बघत राहिल्या. टिनावर पाऊस वाजत होता. सिंधूताईंनी नवऱ्याचे पाय पुसणं थांबवलं होतं.

"रुपालीची खोली हाय थे," महादेवराव अखेर म्हणाले. "दिवाळीले येनार हाय ते."

तेव्हा आषाढ चालला होता.

सडकेवर हॉर्न वाजला. काळी-पिवळी आली. गुरुजींना उचलून आत बसवलं, सिंधूताई ओल्या पिशवीसह शेजारी बसल्या, आणि गाडी बुलढाण्याकडे गेली. मशीन दुपारनंतर मोकळं झालं. पाळी चुकली नाही.

इकडे जीवनने पलंगावरचा शाफ्ट उचलायला गोधडी सोडली. शाफ्टला कुठेही गंज नव्हता.